आत जाणारी लेन्स

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द कोणता? 'सबमिशन' म्हणाल, तर तो दुसरा. पहिला नंबर 'ट्रेड-ऑफ'चा. मशीन डिझाइनचा व्हायवा असो की थर्मलचा, उत्तर सुचेनासं झालं की चेहरा गंभीर करून "सर, तो एक ट्रेड-ऑफ आहे" असं म्हणायचं. सरही मान डोलावतात. कशाच्या बदल्यात काय दिलं, हे फारसं कुणी विचारत नाही आणि दिलं ते कुणाच्या खिशातून गेलं, हे तर कुणीच नाही.

मित्रमैत्रिणींनो, या शब्दाचा अर्थ पुस्तकात न शोधता हातात धरून बघायचा असेल, तर मी एक वस्तू सुचवते. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची कोलॅप्सिबल लेन्स. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे या शब्दाला नेमका मराठी शब्द शोधताना माझी बरीच शोधाशोध झाली. घडीची छत्री असते, घडीची खुर्ची असते, मग घडीची लेन्स म्हणावं का? पण या लेन्सची घडी होत नाही. ती कॅमेऱ्याच्या पोटात आत सरकते आणि फोटो काढायच्या वेळी बाहेर ओढावी लागते. माझी रूममेट लातूरची आहे. तिने तो कॅमेरा हातात घेतला, लेन्स दोनदा आत-बाहेर केली आणि म्हणाली, "अगं, हे तर कासव आहे की!" शब्दकोशापेक्षा हे बरं वाटलं. म्हणून यापुढे कासव-लेन्स.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते थोडक्यात. एस.एल.आर. कॅमेऱ्यात आपण आरशाच्या मदतीने थेट लेन्समधून बघतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला थोड्या अंतरावर दोन लहान खिडक्या असतात आणि त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक दिसतात. लेन्स फिरवली की त्यातली एक सरकते. दोन्ही तंतोतंत जुळल्या की फोकस झाला. सगळा खेळ त्रिकोणमितीचा. यात आरसा लागत नाही, म्हणून लेन्सच्या मागे नुसती काळी पोकळी असते. कासव मान आत घेतं ते याच पोकळीत.

गणित अगदी सोपं आहे. ५० मि.मी. फोकल लेंग्थची लेन्स लांबच्या वस्तूवर फोकस केली, की ती फिल्मपासून साधारण ५० मि.मी. अंतरावर असावी लागते. जुन्या आट्यांच्या लायका कॅमेऱ्यात लेन्स बसते ती जागा फिल्मपासून २८.८ मि.मी. वर आहे. वजाबाकी करा, २१.२ उरतात. म्हणजे लेन्सला कॅमेऱ्याच्या तोंडापुढे निदान दोन सेंटिमीटर नाक काढून उभं राहावंच लागतं. भौतिकशास्त्रापुढे इलाज नाही. पण हे नाक फक्त फोटो काढायच्या क्षणी लागतं. बाकीचा दिवसभर ते आत घेतलं तर काय बिघडलं? हा साधा प्रश्न म्हणजे कासव-लेन्स. एस.एल.आर.ला हा प्रश्न विचारायचीसुद्धा सोय नाही, कारण तिथे मागे आरसा हलत असतो. १९५९ च्या निकॉन एफ मध्ये हेच अंतर ४६.५ मि.मी. आहे आणि ती जागा आरशाने अडवलेली आहे.

ही कल्पना जगभर नेली ती जर्मनीतल्या वेत्झलार गावच्या लाइट्झ कंपनीने. ही कंपनी मुळात मायक्रोस्कोप बनवणारी. तिथल्या ऑस्कर बारनाक या मेकॅनिकने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मि.मी. फिल्म वापरून एक छोटा कॅमेरा बनवला. सिनेमाची १८ × २४ ची फ्रेम दुप्पट करून २४ × ३६ केली. आजही ज्याला आपण 'फुल फ्रेम' म्हणतो ते हेच माप. त्या काळात बरेच चांगले कॅमेरे काचेच्या प्लेटचे आणि लाकडी पेटीचे, नाहीतर चामड्याच्या भात्याचे. बारनाकला हवा होता तो सहज जवळ बाळगता येणारा कॅमेरा. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत मेळ्यात लायका बाजारात आला, तेव्हा त्याला माक्स बेरेक यांनी डिझाइन केलेली, आत सरकणारी ५० मि.मी. एफ/३.५ लेन्स होती. तिच्यात बदल करून पुढे 'एलमार' लेन्स तयार झाली. त्यात काचेचे चार तुकडे, त्यातले दोन एकमेकांना चिकटवलेले. बस्स, इतकीच सामग्री. रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला तो १९३२ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये.

पुढे ही कल्पना सगळीकडे पसरली. झाइसने काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी एफ/२ सोनार लेन्स आत सरकणारी बनवली. १९३३ मध्ये लाइट्झची एफ/२ 'सुमार' आली. नावावर जाऊ नका, लेन्स तशी सुमार नव्हती. मात्र तिची पुढची काच मऊ आहे, त्यामुळे आज मिळणाऱ्या कित्येक 'सुमार'वर बारीक ओरखडे असतात आणि त्यांचे फोटो खरोखरच सुमार येतात. सोव्हिएत युनियनमध्ये खारकोव्हच्या, अनाथ मुलांसाठी काढलेल्या एका कम्यूनच्या कारखान्यात १९३४ पासून लायकासारखाच 'फेड' कॅमेरा बनू लागला. १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये 'झोर्की' निघाला आणि त्याला इंडुस्टार-२२ नावाची कासव-लेन्स मिळाली. जपानमध्ये निकॉन आणि कॅनन यांनीही सुरुवातीला अशा लेन्स काढल्या.

आता माझं मत. मी कासव-लेन्सच्या बाजूची आहे. कारण फोटोग्राफीतला पहिला नियम ॲपर्चरचा नाही, शटरचाही नाही. कॅमेरा जवळ असला पाहिजे, हा पहिला नियम. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लायकाकडे वळले, ते असा कॅमेरा हातात मावतो आणि समोरच्याला बुजवत नाही म्हणून. यावर कुणी म्हणेल, की आपल्याकडच्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार, स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा घेऊन साडी नेसून काम करत होत्या, त्यांचं काही अडलं नाही. खरं आहे. पण तो त्यांचा व्यवसाय होता. त्या घराबाहेर पडायच्या तेच मुळी फोटो काढायला. आपण बाहेर पडतो ते भाजी आणायला, एस.टी. पकडायला, नातेवाइकांकडे बारशाला. अशा माणसाचा कॅमेरा खिशात मावला नाही, तर तो कपाटात राहतो. आणि कपाटातल्या एफ/१.५ पेक्षा खिशातली एफ/३.५ केव्हाही भारी.

पण "मी बाजूची आहे" एवढं म्हणून थांबले तर हा लेख व्हायवातल्या उत्तरासारखा होईल. बदल्यात काय द्यावं लागतं, तेही सांगायला हवं.

पहिली गोष्ट, विसरण्याची सोय. रेंजफाइंडरची खिडकी लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या मागची रिंग कॅमेऱ्यातल्या एका छोट्या दांडीला ढकलते आणि त्यावरून अंतर कळतं. पण ही रिंग फोकसच्या भागाची असते, आत-बाहेर सरकणाऱ्या नळीची नाही. म्हणजे लेन्स आत ढकललेली असली, तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं, दोन प्रतिमा जुळतात, शटरचा 'टक' आवाजही येतो. फक्त फिल्मवर भुतासारखे धुरकट आकार उमटतात आणि ते कळतं आठवड्याने, रोल धुऊन आल्यावर. एस.एल.आर. असता तर त्याच क्षणी कळलं असतं.

दुसरी गोष्ट, ढिलाई. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला 'फिट्स अँड टॉलरन्सेस' शिकताना झोप येते, हे मला मान्य आहे. पण इथे तेच कामाला येतं. फिल्मवर ०.०३ मि.मी. पर्यंतचा धूसर ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो, असा जुना संकेत आहे. त्याला एफ नंबरने गुणलं, की फोकस किती मागे-पुढे झाला तर चालेल ते मिळतं. एफ/३.५ ला ०.१०५ मि.मी., एफ/२ ला फक्त ०.०६. आता नळी किंचित तिरकी बसली तर फोकसचं प्रतलही तिरकं होतं. फ्रेमच्या मधल्या बिंदूपासून कडा १८ मि.मी. वर. १८ मि.मी. वर ०.०६ चा फरक म्हणजे कोन झाला ०.१९ अंश, पाव अंशसुद्धा नाही. नळीला आधार २० मि.मी. लांबीचा आहे असं धरलं, तर एवढ्या कलण्याला ०.०७ मि.मी.ची ढिलाई पुरते, साधारण एका केसाच्या जाडीएवढी. एफ/३.५ ला हीच मुभा ०.१२ मि.मी. पर्यंत जाते. तुलनेसाठी, आपण वर्कशीटमध्ये लिहितो त्या एच७/जी६ फिटमध्ये ३५ मि.मी. व्यासाला ०.००९ ते ०.०५ मि.मी. ढिलाई असते. म्हणजे नवी लेन्स कशीबशी पास. बाहेर ओढून फिरवल्यावर खाचा नळीला घट्ट धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात ढिलाई आणखी कमी होते. पण साठ वर्षं आत-बाहेर केल्यावर धातू झिजतोच, आणि मग फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी लोण्यासारखी, असा प्रकार होतो.

या आकड्यांवरून इतिहासातली एक गंमतही कळते. लाइट्झने १९५३ मध्ये एफ/२ ची सुमिक्रॉन लेन्स काढली ती आत सरकणारी. १९५६ मध्ये तिची न सरकणारी आवृत्ती आली. लेन्स जितकी मोठ्या तोंडाची, तितकं तिला हलणं परवडत नाही. आणि लहान तोंडाच्या कासवाचं काय झालं? १९५७ मध्ये एफ/२.८ ची नवी एलमार आली, ती आत सरकणारीच. १९९४ मध्ये लायकाने तशीच लेन्स पुन्हा बाजारात आणली आणि २००७ पर्यंत ठेवली. जपानच्या कोसिना कंपनीनेही फोख्टलेंडर नावाखाली या शतकात अशा लेन्स काढल्या. मागणी होती म्हणून काढल्या, उगाच हौस म्हणून नाही.

तिसरी गोष्ट, वापरातल्या कटकटी. जुन्या एलमारमध्ये ॲपर्चर बदलायचं तर लेन्सच्या तोंडावरची इवलीशी खुंटी नखाने सरकवावी लागते. आकडेही आजचे नाहीत. ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ अशी जुनी युरोपियन मोजणी. महायुद्धापूर्वीच्या लेन्सवर बहुधा कोटिंग नसतं, त्यामुळे सूर्य समोर आला की फोटो पांढुरका. जवळात जवळ फोकस साधारण एक मीटर, म्हणजे फुलाचा क्लोज-अप विसरा. शिवाय आत-बाहेर करणारी वस्तू बाहेरची धूळ आत नेतेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची पोकळी रिकामी आहे हे आधी तपासावं लागतं. १९७१ च्या लायका एम५ मध्ये आणि १९७३ च्या लायका सी.एल. मध्ये लाइट मीटर एका दांडीवर बसवलेलं आहे आणि ती दांडी नेमकी याच पोकळीत येते. तिथे कासवाने मान आत घेतली की दांडी गेली. लायकाच्या एम९ या डिजिटल कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्येही सरकणाऱ्या लेन्स बाहेर ओढूनच वापरा, आत ढकलू नका, असं बजावलेलं आहे.

हे सगळं सहन करण्यासारखं आहे. विसरणं सवयीने जातं, ढिलाई दुरुस्त होते, कटकटींची मजा वाटू लागते. पण चौथी किंमत तशी नाही. ती आहे उजेडाची, आणि ती मला आमच्या घरच्या अल्बममध्ये सापडली.

माझे आजोबा वीज खात्यात होते. १९६६ मध्ये एक सहकारी ट्रेनिंगहून परतला, त्याच्याकडून त्यांनी एक सोव्हिएत रेंजफाइंडर घेतला. दोन लेन्स मिळाल्या. एक आत सरकणारी एफ/३.५, दुसरी जाडजूड, न सरकणारी एफ/२. पुढची वीस वर्षं आजोबांच्या शर्टावरच्या कोटाच्या खिशात हा कॅमेरा असायचा, पहिली लेन्स लावलेला. अल्बममध्ये जवळजवळ दीडशे फोटो आहेत. कोयनेच्या धरणावर खात्यातले लोक, पन्हाळ्याची सहल, नरसोबाच्या वाडीला घाटावर पाय सोडून बसलेले काका, पहिल्या स्कूटरवर बाबा. फोटो इतके सहज आहेत की कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. कासव-लेन्सची याहून चांगली जाहिरात नाही. बॅगेतून मोठा डबा काढून "हं, हसा" म्हणणाऱ्या माणसाला असे फोटो मिळत नाहीत.

पण आजी फक्त नऊ फोटोंत आहे. नऊच्या नऊ घराबाहेरचे, आणि बहुतेकांत ती कडेला, पदर सावरत.

मी तिला विचारलं, "आजी, तू फोटोत का नाहीस गं?"

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मी होते की. आत."

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच स्वयंपाकघरात मोबाईलवर लाइट मीटरचं ॲप लावून बघितलं. ओटा तोच, पूर्वेची खिडकी तीच. भर दुपारी, १०० एएसएच्या फिल्मला एफ/३.५ वर सेकंदाचा दहावा भाग लागतो. आजोबांच्या कॅमेऱ्याच्या डायलवर सर्वांत मंद वेग आहे १/२०. म्हणजे त्या लेन्सने त्या खोलीत फोटो निघाला असता तो निम्म्या उजेडात, काळपट. संध्याकाळी बल्बच्या प्रकाशात तर प्रश्नच नाही. आता एफ/२ चा हिशोब करा. एफ/३.५ चं तोंड १४.३ मि.मी. व्यासाचं, एफ/२ चं २५ मि.मी. क्षेत्रफळ तिप्पट, उजेड तिप्पट. वेळ १/३०. हा वेग डायलवर आहे. हात स्थिर ठेवला, तर दुपारी खिडकीशी उभी असलेली आजी त्या फिल्मवर नक्की आली असती.

ती दुसरी लेन्स कुठे होती? कपाटात, चामड्याच्या डबीत. आजही तिथेच आहे आणि आजही नवी दिसते. आट्यांची लेन्स काढून दुसरी बसवायला अर्धा मिनिटही लागत नाही.

इथे लेन्सला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आजी आत होती कारण दीडशे फोटोंतल्या सगळ्या माणसांचा चहा कुणीतरी करायचा होता. सहलीला ती नव्हती कारण घरी पणजी अंथरुणाला खिळलेली होती. हे काही काचेने ठरवलेलं नव्हतं. आजोबांवरही माझा राग नाही, ते माझे अतिशय लाडके होते. त्यांनी १९६६ मध्ये एक योग्य निवड केली. बाहेर फिरणाऱ्या माणसाला हलकी, खिशात मावणारी लेन्स. प्रॉब्लेम इतकाच, की ती निवड त्यांनी एकदाच केली. मग ती सवय झाली. आणि सवय झालेल्या निवडीची किंमत अशा माणसाने दिली, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मला वाटतं, ट्रेड-ऑफबद्दल आपल्याला शिकवत नाहीत ते हेच. आपण पेपरात दोन रकाने काढतो. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. बेरीज-वजाबाकी करून उत्तराखाली दोन रेघा मारतो. पण दोन्ही रकाने एकाच माणसाचे असतील असं नाही. कोयनेच्या फोटोंचा फायदा आजोबांचा. स्वयंपाकघरातल्या अंधाराचा तोटा आजीचा. कागदावर हिशोब जमतो, घरात जमत नाही.

म्हणून कासव-लेन्स फेकून द्यावी का? मुळीच नाही. उलट मला तर ती आता जास्त आवडते. न सरकणारी लेन्स नेहमी तयार असते, त्यामुळे तिच्याबद्दल विचार करावाच लागत नाही. कासव-लेन्स मात्र प्रत्येक फोटोआधी थांबवते. ओढा, फिरवा, खाचेत बसली का बघा. त्या दोन सेकंदांत एक प्रश्न सहज विचारता येतो. आपण नेहमीचंच ओढून बाहेर काढतोय, की आज दुसरी लेन्स हवी आहे?

ज्यांना अशी लेन्स घ्यायची हौस आहे, त्यांच्यासाठी माझा सल्ला सरळ आहे. बाहेर उजेडात फिरणार असाल तर जरूर घ्या. घेताना बाहेर ओढून, फिरवून, बोटांनी हलवून बघा. डगडगली तर परत द्या. पुढून बारीक टॉर्च मारून मागून डोळा लावा, आत धुकं किंवा जाळी दिसली तर किंमत पाडा. ज्या कॅमेऱ्यावर लावणार त्याच्या पोटात काय आहे हे माहीत नसेल, तर आत ढकलू नका. आणि घरातल्या माणसांचे फोटो काढायचे असतील, तर मोठ्या तोंडाची एक लेन्स सोबत ठेवा. सोबत म्हणजे सोबत. कपाटात नव्हे.

"मोबाईल असताना हे लफडं कशाला गं?" असं मला विंगमधल्या मुली विचारतात. बरोबर आहे. आज बऱ्याच मोबाईलच्या लेन्सचं तोंड एफ/२ च्या आसपास असतं आणि ट्यूबलाइटच्या उजेडातही फोटो ठीक येतो. आजोबांची अडचण तंत्राने कधीच सोडवली. मग मला सांगा, आपल्या होस्टेलचे गेल्या वर्षाचे फोटो काढून बघितले, तर त्यात कोण आहे? फ्रेशर्स पार्टी आहे, गॅदरिंग आहे, गणपतीची मिरवणूक आहे, पहाटे तीनची मॅगी आहे. मेसच्या मावशी कुठे आहेत? रोज दोनशे मुलींच्या पोळ्या करणाऱ्या त्या दोघी कुठल्या फोटोत आहेत? रात्री गेट उघडणारे मामा?

त्या होत्या की. आत.

आपल्याकडे तर सगळ्या लेन्स एकाच खिशात आहेत, आट्याही फिरवाव्या लागत नाहीत. त्यामुळे उजेड कमी होता ही सबब या पिढीला नाही. मेसच्या आतल्या दाराने सकाळी साडेदहाला गेलात, तर तव्याच्या बाजूच्या खिडकीतून छान ऊन येतं. मावशींना आधी विचारा. पोळी उलटताना हात मोकळा नसतो, म्हणून दोन मिनिटं थांबा. आणि फोटो काढलात तर मोबाईलमध्येच ठेवू नका, पुढच्या अंकासाठी मराठी विभागाकडे द्या.

– टी. ई. (मेकॅनिकल), मुलींचे वसतिगृह